प्रयागबाईंची मोजणी

सोयाबीनची काढणी सुरू झाली की आमच्या भागातली हवा बदलते. मळणीयंत्राची घरघर दुपारभर कानांत राहते, भुसा उडून रस्त्याकडेच्या लिंबांवर बसतो आणि आभाळ कुणाचं ऐकत नाही. घटकेत ऊन, घटकेत सावली. शेतातली माणसं सारखी वर बघतात, कारण कापून टाकलेलं पीक उघड्यावर असतं. मीही वर बघते. मला शेत नाही. तरी एखाद्या ढगाची सावली वर्गाच्या फरशीवरून सरकत फळ्यापर्यंत आली की माझं बोलणं मध्येच अडतं. मुलींना वाटतं, मॅडम पुढचा मुद्दा आठवताहेत. खरं तर त्या क्षणी मला लाज वाटत असते. जुनी लाज आहे, पण दरवर्षी या दिवसांत ती ताजी होऊन येते, आणि तिच्याबद्दल मी आजवर कुठं लिहिलेलं नाही.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. परभणीच्या एका महाविद्यालयात संशोधन करत होते आणि राहायला पूर्णेला, वडिलांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये होते. जाताना सकाळची पॅसेंजर, येताना संध्याकाळची. माझा विषय सांगायला अवघड नव्हता, पण सांगितल्यावर लोक गप्प व्हायचे. कोंबडीच्या अंड्यात पिल्लू घडत असताना त्याचं हृदय पहिल्या काही दिवसांत किती वेगानं चालतं, हे मी मोजत होते. अंडं गार झालं की ठोके किती कमी होतात, पुन्हा ऊब मिळाली की किती वाढतात. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं होतं, "पोरीला एवढं शिकवलं आणि शेवटी अंड्यापाशीच बसवलं का?"

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना काय सांगणार? तीन दिवस उबवलेलं अंडं घ्यायचं. बारीक कात्रीनं कवचाला बोटाच्या पेराएवढी खिडकी पाडायची. आत पिवळ्या बलकावर लाल धाग्यांचं जाळं पसरलेलं असतं आणि जाळ्याच्या मध्ये एक ठिपका उड्या मारत असतो. मोहरीएवढा. पिल्लाला अजून चोच नाही, पंख नाहीत, डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या आहेत. आणि हृदय मात्र कामाला लागलेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. आपल्या श्वासानं ते विझेल की काय, असं वाटलं होतं.

माझी खोली वरच्या मजल्यावर होती. पूर्वेला मोठी खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक. त्याला डोळे लावायच्या दोन नळ्या होत्या आणि वर तिसरी नळी, तिच्यात कॅमेरा. दिवा मी मुद्दाम बंद ठेवायचे. दिव्याची ऊब अंड्याला लागली तर ठोके वाढणार, मग मोजण्यात अर्थ काय उरला? म्हणून सगळं काम खिडकीच्या उजेडात. हा विचार माझा स्वतःचा होता आणि मला त्याचा अभिमान होता. ठोके मोजणारा प्रोग्रॅमही मीच लिहिला होता. हृदय आकसलं की चित्रातला तो ठिपका थोडा फिकट व्हायचा, फुगलं की गडद व्हायचा. प्रोग्रॅम त्या फिकट-गडदाची रेघ काढायचा, वर-खाली, वर-खाली, आणि रेघेचे उंचवटे मोजून एका मिनिटाचे ठोके सांगायचा. पडद्यावर ती रेघ उमटत जाताना बघणं हे त्या वर्षातलं माझं सगळ्यात मोठं सुख होतं.

प्रयागबाई मला गाडीत भेटल्या. पूर्णेच्या आधीचं गाव चुडावा, तिथून येणाऱ्या त्याच पॅसेंजरमध्ये, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसलेल्या. डब्यात सरकी आणि सरकीत रुतवलेली गावरान अंडी. चाळिशीच्या असतील. उन्हानं रापलेला चेहरा, कपाळावर गोंदण, उजव्या हाताच्या तर्जनीवर कोयत्याचा जुना वण. मला अशीच अंडी हवी होती, कारण बाजारातल्या अंड्यांत पिल्लू होत नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या कोंबड्यायपाशी कोंबडा हाय. माझ्या अंड्यात जीव धरतो. तुमाला खायाला पाहिजेत का बसवायला?"

मी म्हटलं, "बघायला."

त्या हसल्या. दुसऱ्या दिवसापासून अंडी घेऊन त्या थेट महाविद्यालयात येऊ लागल्या. परतीची गाडी संध्याकाळी असायची, म्हणून माझ्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहायच्या. उबवलेलं अंडं मुठीत धरून उन्हाकडे करायच्या आणि मी कात्री लावायच्या आधीच सांगायच्या, "ह्यात हाय. ह्यात न्हाई, उगं फोडू नका."

आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, फार बोलायचे नाहीत. काहीही सांगितलं की "कशावरून?" एवढंच विचारायचे. माझा प्रोग्रॅम पाहून ते म्हणाले, "यंत्रानं मोजलेलं बरोबर, हे कशावरून? त्याच वेळी माणसानंही मोजायला हवं. आणि ते माणूस तू नकोस. तुला काय उत्तर हवंय ते तुला माहीत असतं."

दोन-तीन विद्यार्थिनी बसवून पाहिल्या. पन्नासच्या पुढं गोंधळायच्या आणि हसायला लागायच्या. कोपऱ्यातून प्रयागबाई म्हणाल्या, "म्या बघू का, मॅडम?"

त्या सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. नळ्यांना डोळे लावून बसल्या आणि बराच वेळ हलल्याच नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "अगं आई. काळीज हाय की हे." मोजायची रीत त्यांनी स्वतः काढली. समोर दोन वाट्या ठेवल्या, एकीत ज्वारीचे दाणे. मनात दहा ठोके झाले की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. डोळे नळीवरून हटायचे नाहीत, हात आपोआप चालायचा. मी घड्याळ धरून "सुरू" म्हणायचे, कॅमेराही त्याच क्षणी सुरू करायचे, मिनिट झालं की "थांबा". त्या दाणे मोजून वरचे सुटे ठोके त्यात मिळवायच्या आणि आकडा सांगायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांचा आकडा आणि यंत्राचा आकडा यांच्यात एक-दोनचाही फरक पडला नाही. सरांनी दोन्ही रकाने पाहिले आणि पहिल्यांदाच "कशावरून" विचारलं नाही. प्रयागबाईंना म्हणाले, "बाई, तुम्ही वर्षभर या. हे काम तुमचंच."

दसरा झाला की त्यांच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघत. लग्न झाल्यापासून प्रयागबाई दर साल नवऱ्याबरोबर जात होत्या. त्या साली त्यांनी टोळीच्या मुकादमाला सांगून टाकलं की ह्या खेपेला मी नाही. गाडीत त्या शेजारणींना सांगायच्या आणि मी ऐकायचे, "म्या कालेजात जायले. काळजं मोजायला." बाया हसायच्या, त्या हसायच्या नाहीत. एकदा मला म्हणाल्या, "मॅडम, आजवर माझ्या हातानं जे केलं ते कुणी लिवून न्हाई ठिवलं. तुमी रोज लिवायलाव. बरं वाटतंय."

आणि मग ऊन-सावलीचे दिवस आले.

आकडे जुळेनात. सगळे नाही, फक्त काही. एखाद्या सकाळी दोघांचे तंतोतंत जुळत, दुपारी एकदम फाटा फुटायचा. यंत्र म्हणायचं एकशे सव्वीस, प्रयागबाई म्हणायच्या चौऱ्याऐंशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, फरक थोडा कमी. मी प्रोग्रॅम तपासला. आधीच्या चांगल्या चित्रफिती त्याला पुन्हा दिल्या, त्यानं बरोबर मोजल्या. म्हणजे प्रोग्रॅम ठीक होता. वहीतल्या नोंदी चाळताना माझ्या लक्षात आलं की यंत्राचे हे वाढलेले आकडे ढगाळ दिवसांतले आहेत. ढगाळ म्हणजे गार. गारव्यात ठोके कमी व्हायला हवेत, आणि इथं तर वाढत होते! मी हरखले. मला वाटलं, हे कुणी पाहिलेलं नाही. एवढंसं पिल्लू गारव्याची चाहूल लागताच हृदय जोरात चालवून स्वतःला सावरतं. मी मनातल्या मनात त्या शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवलं. वाटेत आडवे येत होते ते फक्त प्रयागबाईंचे आकडे.

त्यांना ते दिसलं होतं. एका दुपारी नळीवरून डोळे काढून म्हणाल्या, "मॅडम, आभाळ आलं की तुमचं यंत्र पळायलंय बगा. काळीज न्हाई पळत. यंत्र पळायलंय."

मी म्हटलं, "मावशी, यंत्राला आभाळ-बिभाळ काही कळत नाही."

"मंग मला कळत न्हाई म्हना की," त्या म्हणाल्या, तक्रार न करता, आणि पुन्हा नळीला डोळे लावले.

हे वाक्य माझ्या कानांत आजही आहे. एका माणसानं मला उत्तर सांगितलं होतं, सरळ, आमच्याच भाषेत. मी ते ऐकून घेतलं नाही, कारण ते स्टुलावरून आलं होतं.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात सर खोलीत आले. वही उघडून उभ्या-उभ्याच विचारलं, "हे दोन रकाने वेगळे का?"

मी एकदम तयार उत्तर दिलं. ते मी कधी तयार करून ठेवलं होतं, मला माहीत नाही. मी म्हणाले, "सर, मावशींचं लक्ष राहत नाही. पहाटेपासून घरची कामं करून येतात, दुपारी डुलकी लागते. उजेड कमी झाला की ठोके निसटतात. ढगाळ दिवसांचे त्यांचे आकडे काढून टाकू या. पुढं एखादी शिकलेली मुलगी बसवू."

सरांनी वहीची दोन पानं उलटली. "कशावरून?" असं ते विचारतील म्हणून मी थांबले. त्यांनी विचारलं नाही. "बघ मग," म्हणाले आणि वळले. दारात प्रयागबाई उभ्या होत्या, खालच्या नळावर वाट्या धुऊन आलेल्या. सर त्यांच्याकडे न बघता बाजूनं निघून गेले.

त्यांनी वाट्या टेबलावर ठेवल्या, पालथ्या. पदराला हात पुसले. मग विचारलं, "मॅडम, म्या कवा झोपले हो?"

मी म्हटलं, "तसं नाही मावशी, आकडे जुळेनात, काहीतरी कारण तर..."

"म्या झोपलेली तुमी बगितली का?"

"नाही."

"मंग सरायला कामून सांगितलं?"

मी वहीत काहीतरी लिहू लागले. काय लिहीत होते ते आठवत नाही, बहुधा तारीख. त्या डबा घेऊन गेल्या. संध्याकाळच्या गाडीत मी त्यांना पाहिलं नाही. मी शोधलंही नाही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत आणि त्यानंतर कधीच आल्या नाहीत. दसऱ्यानंतर चुडाव्याच्या दुसऱ्या एका बाईनं गाडीत सांगितलं की प्रयागा टोळीबरोबर गेली. मुकादमानं आधी नाहीच म्हटलं होतं, मग नवऱ्यानं हातापाया पडून जागा मिळवली. "कालेजातून काडून टाकली म्हनं तिला," ती बाई म्हणाली. "झोपायची म्हनं कामावर." मी खिडकीबाहेर बघत होते. पूर्णा स्टेशन येत होतं, हे बरं झालं.

चूक सापडली ती थंडीत, एका स्वच्छ सकाळी. मी पेरू खात खात ढगाळ दिवसांतली एक चित्रफीत नुसती पाहत होते. तिचं चित्र शोधनिबंधात टाकायचं होतं. समोर भिंतीवरचं घड्याळ होतं. एका मिनिटाची चित्रफीत, आणि ती चाळीस सेकंदांत संपली. मी पुन्हा लावली. पुन्हा चाळीस. उन्हातल्या दिवसाची एक लावली, ती पूर्ण मिनिटभर चालली. पेरूचा तुकडा तोंडात तसाच राहिला.

कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं घेतो, असं मी धरलं होतं. त्याच्या खोक्यावर तसं छापलं होतं. पण उजेड कमी झाला की एकेक चित्र नीट उमटवायला तो जास्त वेळ घ्यायचा आणि सेकंदाला वीसच चित्रं काढायचा. माझ्या प्रोग्रॅमला हे ठाऊक नव्हतं. तो तीसच्या हिशेबानं वेळ धरायचा, म्हणून एका मिनिटाचे ठोके त्याला चाळीस सेकंदांत पडलेले दिसायचे. काळीज पळत नव्हतं. यंत्र पळत होतं. मी सगळ्या चित्रफिती घेतल्या, घड्याळाची खरी वेळ धरून पुन्हा मोजल्या आणि दोन्ही रकाने शेजारी-शेजारी मांडले. ढगाळ दिवसांतला प्रयागबाईंचा एकेक आकडा जुळला. एकही ठोका निसटला नव्हता. गारव्यात जोरानं चालणारं ते शूर पिल्लूही नाहीसं झालं. ते कधी नव्हतंच.

माणसाला चूक झाल्याची लाज वाटते ती थोडी. खरी लाज पुढच्या काही दिवसांत मी जे केलं त्याची आहे. सरांना सांगितलं, "कॅमेऱ्याच्या वेगात गडबड होती, दुरुस्त केली." त्यांनी मान हलवली. प्रयागबाईंचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. प्रबंधात एक ओळ लिहिली, 'चित्रणाच्या वेगातील त्रुटी दूर करण्यात आली.' कुणाची त्रुटी, कुणी पकडली, काही नाही. दुसरी ओळ अशी, 'यंत्राची मोजणी एका प्रशिक्षित निरीक्षकाच्या मोजणीशी पडताळून पाहिली.' ज्या बाईला मी झोपाळू म्हणून घालवलं, तिला कागदावर मी प्रशिक्षित निरीक्षक केलं, कारण तिथं तिचे आकडे मला कामाचे होते. पदवी मिळाली. आईनं पूर्णेला गल्लीभर पेढे वाटले.

प्रयागबाई ऊसतोडीहून परत येतील तेव्हा सांगू, असं मी ठरवलं होतं. उन्हाळ्यात त्या परत आल्या. पूर्णा स्टेशनात, तीन नंबरच्या फलाटावर, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, पायांत तुटक्या चपला, चेहरा आणखी काळवंडलेला. मी वीस पावलांवर होते. मी पुस्तकांच्या स्टॉलमागं गेले आणि त्यांची गाडी जाईपर्यंत तिथंच उभी राहिले, एका मासिकात डोकं घालून. स्टॉलवाला म्हणाला, "घ्यायचं का ताई? नुसतं वाचायलाव." मी ते मासिक विकत घेतलं.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मी शिकवते. चित्रांवरून मोजायचं कसं, हा माझा आवडीचा तास आहे. आता पेशींची चित्रं मोबाइलवरही घेता येतात, प्रोग्रॅम फुकट मिळतात, मुली माझ्यापेक्षा चपळ आहेत. ढगाची आणि कॅमेऱ्याची गोष्ट मी दरवर्षी सांगते आणि मुली दरवर्षी हसतात. मी ती चांगली रंगवते. पेरूसुद्धा सांगते. या वर्षी गोष्ट संपल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं वहीतून डोकं वर काढलं. "मॅडम, म्हणजे हातानं मोजणारं जे कुणी होतं ते बरोबरच होतं ना? मग त्यांना तुमी काय सांगितलं?"

मी म्हटलं, "पुढच्या तासाला बोलू." वर्गाबाहेर आले आणि जिन्यातच उभी राहिले. इतकी वर्षं मी गोष्ट सांगत होते आणि तिच्यातून एक माणूस काढून टाकत होते. ढगाळ दिवसांचे आकडे काढून टाकू या असं मी म्हणाले होते, तसंच.

त्या रविवारी मी चुडाव्याला गेले. घर विचारत विचारत गेले. प्रयागबाई ओट्यावर सोयाबीन पाखडत होत्या. केस पिकलेले, हात तेच. मला त्यांनी लगेच ओळखलं, पण सूप खाली ठेवलं नाही. सुनेनं पाणी आणलं. मी सगळं सांगितलं. कॅमेऱ्याचं, चाळीस सेकंदांचं, प्रबंधातल्या ओळीचं. स्टेशनावर लपल्याचंही सांगितलं. सांगताना मी खाली मातीकडे बघत होते.

त्यांनी विचारलं, "म्हंजी माझं मोजनं बराबर होतं?"

"होय."

"समदं?"

"सगळं. एकही ठोका चुकला नव्हता."

"ते मला ठावं होतं," त्या म्हणाल्या. सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "म्या तवाच सांगितलं तुमाला. तुमाला कवा कळलं?"

"त्याच थंडीत."

सूप थांबलं. मला वाटतं, तोवर त्यांना वाटत होतं की मला हे आत्ताच कळलंय. "त्याच थंडीत," त्या म्हणाल्या. "तवा म्या उसाच्या फडात होते. मुकादम रोज म्हनायचा, जागी हायस का गं प्रयागा. टोळीतली लेकरंसुदिक म्हनायची. पाच-सहा सालं म्हनायची." त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, "माझं फार चुकलं. मला माफ करा, मावशी."

"तुमी मला कशाला सांगायलाव? मला तर ठावंच हाय. ज्यायला ठावं न्हाई त्यायला सांगा. तुमी सरायपुढं बोलला होता. सरायपुढं सांगा. म्या येते संगं."

सर आता निवृत्त आहेत, परभणीतच राहतात. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी पॅसेंजरनं गेलो, समोरासमोर बसून, जवळजवळ न बोलता. सरांनी त्यांना ओळखलं नाही. मी नाव सांगितलं आणि मग त्यांच्यासमोर उभं राहून सगळं पहिल्यापासून सांगितलं. झोपतात हे मी बघितलेलं नव्हतं, मला तसं वाटलंही नव्हतं, मला फक्त ते आकडे नको होते, हेही. हे शेवटचं मी स्वतःशीसुद्धा तोवर बोलले नव्हते.

सरांनी चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाले, "मी तुला विचारायला हवं होतं. आयुष्यभर सगळ्यांना विचारलं, तेव्हाच नाही विचारलं. आणि बाई, तुम्ही दारात उभ्या होता ते मला दिसलं होतं."

प्रयागबाई म्हणाल्या, "मला बी दिसलं होतं, तुमाला दिसलेलं."

सरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, ग्रंथालयात प्रबंधाची प्रत असेल. छापलेलं बदलता येणार नाही, पण आपल्या दोघांच्या सहीचं पान तिच्यात लावू. त्यांनी कागद पुढं केला. मी तिथंच टेबलाशी बसून लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, 'या संशोधनातील ठोक्यांची प्रत्यक्ष मोजणी करण्यासाठी चुडावा येथील श्रीमती प्रयागबाई यांनी मोलाची मदत केली. ढगाळ दिवसांतील त्यांचे आकडे अचूक होते. ते चुकीचे ठरवण्यात आले...'

"थांबा," प्रयागबाई म्हणाल्या. "मदत कुठं केली म्या?"

मी वर बघितलं.

"मदत न्हाई केली. म्या मोजलं. आन चुकीचे ठरवन्यात आले म्हंजी कुनी ठरवले? आपोआप का?"

मी ते सगळं खोडलं. खाली लिहिलं, 'ठोके प्रयागबाईंनी मोजले. त्यांचे आकडे अचूक होते. ते चुकीचे आहेत असं मी, पुरावा नसताना, सांगितलं.' प्रयागबाईंनी कागद माझ्या हातातून घेतला, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत, ओठ हलवत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्वतः वाचला. सर आणि मी उठून उभे राहिलो आणि त्यांचं वाचून होण्याची वाट बघत राहिलो.